नेम हवा की भरवसा?

तुमच्या ऑफिसात ही जोडी असणारच. एकजण जाम ब्रिलियंट. त्याचं प्रेझेंटेशन म्हणजे एकदम कडक, क्लायंट खुश, बॉस फिदा. फक्त प्रॉब्लेम एवढाच की पाचातल्या एका प्रेझेंटेशनला साहेब 'व्हायरल'मुळे येतच नाहीत. दुसरी आपली साधी. स्लाइड्स बोअरिंग, पण सकाळी नऊ म्हणजे नऊला लॅपटॉप उघडून बसलेली. आता सांगा, सोमवारच्या मोठ्या मीटिंगला कुणाला पाठवाल?

गेले तीन महिने आमच्या टू-बीएचकेत हाच वाद चालू आहे. फरक एवढाच की वाद माणसांवरून नाही, पिस्तुलावरून आहे. दचकू नका, सांगते.

माझी मामेबहीण भडगावची. जळगाव जिल्ह्यातलं, गिरणेच्या काठचं तालुक्याचं गाव. मामाची केळी आणि कपाशी. ही पोरगी ग्रॅज्युएशनसाठी पुण्यात माझ्याकडे आली आणि दुसऱ्या महिन्यात मैत्रिणीबरोबर बालेवाडीची शूटिंग रेंज बघून आली. 'ताई, तिथे एवढी शांतता असते ना, की स्वतःचं हार्ट ऐकू येतं!' झालं. दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल केलं, आणि आता तिला २५ मीटरमध्ये उतरायचंय. म्हणजे छर्‍याचं पिस्तूल सोडून .२२ बोअरचं सेमी-ऑटोमॅटिक. खरं पिस्तूल, खरं काडतूस. त्यात ती यंदा २१ पूर्ण झाली, म्हणजे स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो.

भडगावात ही बातमी पोहोचली तेव्हा मामीने फोनवर आधी एक मोठ्ठा पॉज घेतला. तिचंही चुकत नाही. आमच्याकडे पेपरात 'पिस्तूल' हा शब्द येतो तो बहुतेक वेळा 'गावठी' शब्दाच्या शेजारीच. चोपड्याच्या पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवर उमर्टी आहे, तिथल्या बेकायदा भट्ट्यांमधून निघालेला माल सगळ्या राज्यात सापडत आलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुणे पोलीस थेट उमर्टीत जाऊन त्या भट्ट्या मोडून आले. त्यामुळे 'पोरगी पिस्तूल घेणार' हे वाक्य गल्लीत कसं ऐकू जाईल, याची मामीला धास्ती. मामाचा प्रश्न मात्र वेगळाच होता. त्याने किंमत विचारली.

किंमत लाखांत जाते, मंडळी. टार्गेट पिस्तुलं इटली, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडहून येतात. पार्दिनी, वॉल्थर, श्टायर, मोरिनी ही नावं रेंजवर आपण मोबाइलच्या मॉडेल्सची घेतो तशी घेतली जातात. बहिणीपुढे दोन ऑप्शन होते, दोन्ही सेकंडहॅण्ड. पहिलं एका सीनिअर शूटरचं. व्हाइसमध्ये घट्ट बांधून उडवलं तर २५ मीटरवर सगळ्या गोळ्या साधारण २० मिलिमीटरच्या वर्तुळात. पण नखरेल! ठरावीक काडतूस, ठरावीक तेल, आणि हिवाळ्याच्या सकाळी तर मूड सांभाळायचा. दुसरं जुनं, ग्रिपचं लाकूड पिचलेलं, व्हाइसमध्ये ३५ मिलिमीटर. पण त्यात काहीही भरा, चालतं.

पोरीचं मन अर्थातच पहिल्यावर. तुमचंही तिथेच गेलं असतं.

आता या दोन गोष्टी, नेम आणि भरवसा, एकमेकींच्या आड का येतात? मला वाटायचं, महाग वस्तू म्हणजे दोन्ही गोष्टी बाय डिफॉल्ट मिळत असणार. तसं नसतं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक छोटा कारखानाच आहे. ट्रिगर दाबला की गोळी पुढे जाते, आणि त्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो. मागे जाताना एक छोटा आकडा रिकामं टोपण चेंबरमधून ओढून काढतो, ते आदळून बाहेर उडतं. मग स्प्रिंग तो भाग पुढे ढकलते, आणि पुढे जाताजाता तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून चेंबरमध्ये बसवतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. नेम अचूक हवा तर सगळे भाग एकमेकांना घट्ट बसलेले हवेत, चेंबर काडतुसाच्या मापाचा हवा, दर वेळी सगळं त्याच जागी परत यायला हवं. पण घट्ट म्हणजे जागा नाही. जागा नाही म्हणजे थोडी काजळी, थोडं मेण, थोडं वाळलेलं तेल आलं की अडकलं. सैल ठेवलं तर घाण गिळून मशीन चालत राहतं, पण दर वेळी परत जागेवर बसताना केसभर इकडेतिकडे होतं.

त्यात .२२ चं काडतूस हा स्वभावानेच त्रासदायक प्रकार. त्याच्या बुडाला कडा असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये एकावर एक ठेवताना कडा कडेत अडकायची भीती. दारू अगदी कमी, म्हणजे मशीन मागे ढकलायला जोर बेताचा. गोळी शिशाची आणि वर मेणाचा हात, म्हणून आत चिकटपणा. शूटर्स एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आणून टेस्ट करतात. आपल्या पिस्तुलाला कुठला लॉट मानवतो ते बघायला! मला तर लहान बाळाला पावडरचं दूध लावून बघतात, तेच आठवलं.

(जाता जाता. खरी काडतुसं आमच्या जिल्ह्याला नवी नाहीत हं. भुसावळजवळ वरणगावला आयुध निर्माणी आहे, तिथे फौजेच्या छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात. हा पॉइंट मी मामीला ऐकवला. तिने दुसरा पॉज घेतला.)

फौजेने या भांडणाचा निकाल केव्हाच लावलाय. अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये नवं पिस्तूल निवडताना कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांची पिस्तुलं समोरासमोर ठेवली. प्रत्येकातून ६००० गोळ्या. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं कोल्टचं पिस्तूल एकदाही अडलं नाही, सॅव्हेज अडलं, आणि विषय संपला. ते कोल्ट पुढे ७० पेक्षा जास्त वर्षं चाललं. हातात धरून हलवलं तर त्यातले काही नग चक्क खुळखुळायचे! सैनिकाला चिखलातही चालणारी वस्तू हवी होती. गंमत म्हणजे त्याच पिस्तुलाने टार्गेट शूटिंग करायची हौस असलेल्यांनी कारागिराकडून ते घट्ट करून घ्यायला सुरुवात केली. नेम सुधारला, आणि मग गोळ्या कुठल्या भरायच्या, तेल किती घालायचं, याची पथ्यं आली. आपल्या फौजेचं इशापूरला बनणारं ९ एमएम पिस्तूलही ब्राउनिंगच्याच घराण्यातल्या डिझाइनवरचं. तिथेही पहिला प्रश्न 'चालेल ना?' हाच.

पण स्पोर्टमध्ये निकाल एवढा सोपा नाही. तिथे कुणी तुमच्यावर चालून येत नाही. तिथे समोर कागद असतो आणि दहाचा घेर ५० मिलिमीटर.

इथे माझ्या फ्लॅटमेटने एण्ट्री घेतली. ती टेस्टिंगमध्ये आहे, तिला प्रत्येक भांडणाचं एक्सेल शीट करायची सवय. ती म्हणाली, 'पिस्तुलाचा फैलाव आणि हाताचा फैलाव यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. शाळेतलं पायथागोरस.' मग तिने बहिणीची सरासरी विचारली. सुमारे ९. म्हणजे तिच्या हाताचा फैलाव धरा १५० मिलिमीटर. २० वालं नखरेल पिस्तूल घेतलं तर एकूण फैलाव १५१. ३५ वालं पिचक्या ग्रिपचं घेतलं तर १५४.

तीन मिलिमीटर, बॉस! त्या तीन मिलिमीटरसाठी आमच्या घरात तीन आठवडे धड कुणी बोलत नव्हतं.

बहीण गप्प झाली. मग तिने विचारलं, 'आणि एखादीचा हात ४५ चा असला तर?' फ्लॅटमेटने आकडे टाकले. नखरेल पिस्तुलाने ४९, साध्याने ५७. पहिली दहाच्या घेरात मावते, दुसरी नाही. म्हणजे वरच्या लेव्हलला ते घट्ट पिस्तूल हा शो-ऑफ नाही, गरजच आहे. 'मग मी कायम १५० चीच राहणार असं धरून चालायचं का?' बहीण म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. मला तिचं पटलं. पहिल्याच नोकरीत आपल्याला 'तू अजून फ्रेशर आहेस' म्हणून जुनाट पीसी देतात, तेव्हा आपण किती चिडतो!

मग ती स्पर्धा आली. परवाना हातात नव्हता, म्हणून क्लबच्याच पिस्तुलाने खेळायचं होतं, आणि तिने हट्टाने क्लबमधलं त्यातल्या त्यात घट्ट, नेमाला उत्तम असं पिस्तूल मागून घेतलं. २५ मीटर पिस्तूलमध्ये दोन टप्पे असतात, ३०-३० गोळ्यांचे. पहिल्यात निवांत, पाच मिनिटांत पाच. दुसऱ्यात टार्गेट ७ सेकंद बंद आणि ३ सेकंद खुलं. हात ४५ अंशात खाली धरलेला. खुलं झालं की उचला, एक गोळी, परत खाली. असं पाच वेळा. पहिला टप्पा तिचा आजवरचा बेस्ट गेला. मी मागे बसून मामाला मेसेज टाकत होते.

दुसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्या मालिकेत, तीन गोळ्या झाल्या आणि रिकामं टोपण अर्धवट बाहेर येऊन उभंच अडकलं. शूटर्स याला 'स्टोव्हपाइप' म्हणतात, चुलीच्या धुरांड्यासारखं दिसतं म्हणून. अशा वेळी काय करायचं ते नियमात लख्ख लिहिलंय. पिस्तूल टार्गेटकडेच धरायचं, दुसरा हात वर करायचा, ऑफिसर येऊन बघतो. बिघाड खरा असेल तर राहिलेल्या गोळ्या पुढच्या मालिकेत पूर्ण करू देतात. पण त्याने बघायच्या आधी शूटरने स्वतः यंत्राला हात लावला, तर तो बिघाड मान्य होत नाही आणि न उडलेल्या गोळ्यांना शून्य.

तिने हात लावला. तीन सेकंदांच्या घाईत झटक्यात ते टोपण काढून टाकलं, आपण अडकलेला प्रिंटरचा कागद ओढतो तसं. दोन गोळ्या, २० पॉइंट. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या १५ गोळ्या ती टार्गेटकडे बघतच नव्हती, ती पिस्तुलाकडे बघत होती. प्रत्येक शॉटनंतर डोळे खाली. 'आता अडकेल. आता अडकेल.' तिचा १५० चा हात त्या दिवशी २०० चा झाला असेल. हे आमच्या एक्सेल शीटमध्ये कुठे होतं?

त्या रात्री तिने जेवणाला हात लावला नाही. मी तिला मनू भाकरची गोष्ट सांगायला गेले, तर तिला ती माझ्यापेक्षा जास्त पाठ! २५ जुलै २०२१, टोकियो. १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी, ६० गोळ्या, सव्वा तास. १९ वर्षांची मनू उत्तम लयीत चाललेली आणि १६ गोळ्यांनंतर पिस्तूलच बिघडलं. ते दुरुस्त होईपर्यंत घड्याळ काही थांबलं नाही. उरलेल्या ४४ गोळ्या तिने घाईत मारल्या, ५७५ केल्या आणि अवघ्या दोन पॉइंटांनी फायनल हुकली. लोक तेव्हा काय काय बोलले ते आठवतंय ना? 'बॅकअप पिस्तूल का नाही घेतलं?' अरे बाबांनो, बॅकअपची ग्रिप वेगळी, ट्रिगर वेगळा. तुमच्या हातात कुणी ऐन डेडलाइनला दुसऱ्याचा कीबोर्ड दिला तर? तीच मनू २०२४ च्या पॅरिसमध्ये २२१.७ वर ब्राँझ घेऊन उभी राहिली आणि दोन दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकमध्ये आणखी एक. मधली तीन वर्षं मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाहीत.

आणि आपली कोल्हापूरची राही सरनोबत. २५ मीटर पिस्तूल म्हणजे राहीचाच इव्हेंट. २०१३ मध्ये चँगवॉनला वर्ल्ड कपचं सुवर्ण, मग कोपराच्या दुखापतीने बराच काळ बाहेर, आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण. एशियन गेम्समध्ये शूटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या फायनलमध्ये थायलंडच्या मुलीशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफ एकदा नाही, दोनदा झाला. या फायनलमध्ये १०.२ च्या आत लागलं तर 'हिट', नाहीतर काही नाही. त्या शेवटच्या पाच गोळ्यांना पिस्तूल अडेल की काय हा विचार डोक्यात असता तर? बहीण म्हणाली, 'ताई, राहीचं मनगट आणि पिस्तूल एकच आहे गं. माझं अजून दोन आहेत.'

मला वाटतं त्या रात्री तिने निम्मं ठरवून टाकलं होतं. उरलेलं निम्मं मामाने केलं.

मामा पाचोऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने आला. बरोबर केळी, शेवभाजीचा मसाला आणि कळण्याचं पीठ. जेवण झाल्यावर पोरीने डायनिंग टेबलवर कागदावर पिस्तूल काढून त्याला सगळं समजावलं. मामा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, 'का वं माय, हाई वस्तू लाखले जास, आनि टोपन अडकस?' ती रडकुंडीला. पण तो चिडला नव्हता. त्याला ठिबक आठवलं होतं.

जळगाव जिल्ह्यात राहून ठिबक माहीत नसेल असा शेतकरी नाही. पाट सोडून पाणी दिलं तर बांध फुटो, गवत येवो, गाळ येवो, पाणी झाडापर्यंत जातंच. कुठे जास्त, कुठे कमी. ठिबकने पाणी अगदी मोजून, खोडापाशी. पण ती बारीक भोकं! 'पानी मोजीमोजी देस, पन गाळ उना का बसी जास,' मामा म्हणाला. म्हणून विहिरीपाशी सँड फिल्टर, पुढे जाळीचा फिल्टर, नळ्यांची टोकं सोडून धुणं, अधूनमधून ॲसिड सोडणं. मामाने ठिबक बसवलं त्या पहिल्या वर्षी फिल्टर धुवायचा कंटाळा केला आणि ऐन मे महिन्यात केळीच्या दोन ओळी वाळल्या. 'ठिबक वाईट नही. मी तव्हय ठिबकना नव्हतू,' असं काहीसं तो पुटपुटला आणि पानाचा डबा शोधायला लागला.

शेवटी साधं पिस्तूल घ्यायचं ठरलं. पिचक्या ग्रिपचं, ३५ वालं. ग्रिप नवी करून घेता येते, तिच्या हाताच्या मापाची. नखरेल पिस्तूलवाले सीनिअर भले निघाले. म्हणाले, वर्षभर मी विकत नाही, तुझी सरासरी साडेनऊच्या पुढे गेली की ये. आता अर्ज जळगावला गेलाय. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळतो, त्याआधी पोलीस चौकशी. भडगावच्या घरी चौकशीला पोलीस आले तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर. मामीने म्हणे सगळ्यांना चहा दिला आणि पोरीची १० मीटरची मेडल्स बाहेर आणून मांडली. कुणी न विचारता वरणगावच्या फॅक्टरीचंही सांगितलं!

तोपर्यंत ती क्लबच्याच एका साध्या पिस्तुलावर सराव करतेय आणि एक वही ठेवलीय. तारीख, किती गोळ्या, कुठला लॉट, किती वेळा अडलं, का अडलं, कधी साफ केलं. स्कोअर शेवटच्या रकान्यात. पहिल्या महिन्यात दोनदा अडलं. एकदा मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, एकदा आदल्या दिवशी कंटाळा करून साफ केलं नव्हतं. दोन्ही वेळी तिने हात वर केला आणि वाट बघितली. सराव होता, ऑफिसर नव्हता, तरी. कोच म्हणाले, 'कुणाची वाट बघतेयस?' ती म्हणाली, 'सवय लावतेय, सर.'

परवा रविवारी मामाला रेंजवर नेलं. कानाला ते मोठे मफ लावून तो मागच्या बाकावर अगदी ताठ बसला. एवढा ताठ तो लग्नाच्या फोटोतही नाही. पोरीने ५० गोळ्या मारल्या. स्क्रीनवर काय आकडे येतात याकडे त्याचं लक्षच नव्हतं. सगळं बंद झाल्यावर, कोचला विचारून, तो वाकला आणि जमिनीवरची रिकामी टोपणं गोळा करायला लागला. दहा-दहाचे ढीग लावले, केळीचे घड मोजतो तसे. पाच ढीग झाले. मग मान वर करून पोरीकडे बघितलं.

'पन्नास,' तो म्हणाला. 'बरोबर शे.'